गृहशिक्षणातील प्रोग्रॅमिंग शिक्षण

गृहशिक्षणातील प्रोग्रॅमिंग शिक्षण म्हणजे शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या, साधारणतः १३ ते १८ वर्षे वयोगटातील मुलामुलींना संगणकाचा व्यावहारिक वापर आणि आज्ञावलीलेखन शिकवण्याची प्रक्रिया होय. फाइलींची व्यवस्था, टंकलेखन आणि स्प्रेडशीट यांपासून स्वतः आज्ञावली लिहिणे, तिच्यातील चुका शोधणे व इतरांना वापरता येईल असे सॉफ्टवेअर तयार करणे इथपर्यंतची कौशल्ये त्यात येतात. एक संगणक आणि आंतरजालावरील मोफत साहित्य एवढ्यावर सुरुवात करता येत असल्याने हा विषय गृहशिक्षणाला सोयीचा मानला जातो. मात्र आज्ञावली चालते की नाही, एवढेच संगणक सांगतो. तिचे उत्तर बरोबर आहे का, ती दुसऱ्याला वाचता येते का आणि लिहिणाऱ्याला ती खरोखर समजली आहे का, हे तपासणारे शिक्षक व सहाध्यायी घरात आपोआप मिळत नाहीत. त्यामुळे या शिक्षणात अभ्यासक्रमाइतकेच महत्त्व काम तपासण्याच्या, ते इतरांना दाखवण्याच्या आणि कौशल्याचा पुरावा मिळवण्याच्या व्यवस्थेला असते.

इतिहास

आधुनिक गृहशिक्षण चळवळीचा उगम प्रामुख्याने अमेरिकेत झाला. शिक्षणतज्ज्ञ जॉन होल्ट यांनी ‘हाउ चिल्ड्रन फेल’ (१९६४) या पुस्तकात शालेय पद्धतीवर टीका केली आणि १९७७ मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. ठरीव अभ्यासक्रमाऐवजी मुलाच्या कुतूहलामागे जाणाऱ्या शिक्षणासाठी त्यांनी ‘अनस्कूलिंग’ हा शब्द रूढ केला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले होते. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार पालकांना मुलांचे शिक्षण शाळेत किंवा अन्य प्रकारे करता येते. जर्मनीत मात्र शाळेतील उपस्थिती सक्तीची आहे.

याच काळात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचे प्रयोग स्वतंत्रपणे सुरू होते. जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही वापरता यावी अशी ‘बेसिक’ ही भाषा तयार केली. सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ भाषा विकसित केली. लोगोमध्ये ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देऊन पडद्यावरील कासवाकडून आकृत्या काढून घेतल्या जातात. आकृती चुकली तर मूल स्वतः कासवाच्या जागी आहे अशी कल्पना करून पावले मोजते आणि चूक शोधते. चूक ही शिक्षेची बाब नसून दुरुस्तीची सुरुवात आहे, हा विचार पॅपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या पुस्तकात मांडला.

१९८० च्या दशकात बीबीसी मायक्रो (१९८१) आणि कमोडोर ६४ (१९८२) यांसारखे संगणक घरात आले, तेव्हा किशोरवयीन मुले मासिकांत छापलेल्या आज्ञावली टंकित करून व बदलून प्रोग्रॅमिंग शिकू लागली. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. १९९९ मध्ये सुगाता मित्रा यांनी दिल्लीतील कालकाजी येथे वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवून मुले शिक्षकाविना त्याचा वापर कसा शिकतात याचे निरीक्षण केले. मुले गटाने, एकमेकांना दाखवत शिकली, ही या प्रयोगातील लक्षणीय बाब गृहशिक्षणाच्या चर्चेतही महत्त्वाची ठरते. अशा प्रयोगातून किती सखोल शिक्षण होते, याविषयी मतभेद आहेत.

पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलेली ‘स्क्रॅच’ ही ठोकळे जोडून लिहिण्याची भाषा (२००७) आणि कमी किमतीचा ‘रास्पबेरी पाय’ संगणक (२०१२) यांमुळे घरी शिकण्याचा खर्च आणखी कमी झाला.

व्याप्ती

संगणक साक्षरता आणि प्रोग्रॅमिंग या दोन वेगळ्या बाबी आहेत. महाराष्ट्रात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड या २००१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक साक्षरतेची संकल्पना घरोघरी पोहोचली. त्या प्रकारच्या अभ्यासक्रमात तयार सॉफ्टवेअर वापरण्यावर भर असतो. प्रोग्रॅमिंगमध्ये शिकणारा एखाद्या प्रश्नाची उकल पायऱ्यांमध्ये मांडून ती संगणकाला समजेल अशा भाषेत लिहितो. घरी शिकवताना या दोहोंचा क्रम सहसा पुढीलप्रमाणे असतो.

पाया: फाइल व फोल्डर यांची रचना, दोन्ही हातांनी टंकलेखन, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक, स्प्रेडशीटमधील सूत्रे, सुरक्षित पासवर्ड आणि कामाची नियमित प्रत ठेवण्याची सवय. स्मार्टफोनवर वाढलेल्या मुलांना फाइल नेमकी कुठे साठवली जाते याची कल्पना अनेकदा नसते. त्यामुळे हा टप्पा वगळल्यास पुढे अडचण येते.

भाषा: ठोकळ्यांच्या भाषेकडून मजकुराच्या भाषेकडे संक्रमण. गिदो फान रॉसम यांनी निर्माण केलेली व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पायथन’ ही भाषा सुटसुटीत वाक्यरचनेमुळे या टप्प्यावर विशेष प्रचलित आहे. चल, अट, पुनरावृत्ती, यादी आणि फलन या संकल्पना येथे शिकवल्या जातात.

साधने: आदेशपट्टीचा वापर, अधिकृत दस्तऐवज वाचणे, चाचण्या लिहिणे आणि ‘गिट’द्वारे बदलांची नोंद ठेवणे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिटमुळे आज्ञावलीत कोणता बदल केव्हा झाला हे पाहता येते व बिघडलेले काम पूर्वस्थितीत आणता येते.

प्रकल्प: स्वतःच्या किंवा परिसरातील कोणाच्या तरी गरजेसाठी, आरंभापासून अखेरपर्यंत पूर्ण केलेले काम.

अध्यापनाच्या पद्धती

नवशिक्याला कोरा पडदा देऊन आज्ञावली लिहायला सांगणे ही सुरुवातीची परिणामकारक पद्धत मानली जात नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या आकलनभार सिद्धान्तानुसार, अपरिचित प्रश्न सोडवण्याच्या धडपडीतच नवशिक्याची कार्यकारी स्मृती व्यापली जाते आणि शिकण्यासाठी थोडीच शिल्लक राहते. म्हणून प्रथम सोडवलेली उदाहरणे वाचणे, मग त्यांत बदल करणे आणि शेवटी स्वतः लिहिणे असा क्रम सुचवला जातो. आज्ञावली चालवण्यापूर्वी तिचे उत्तर काय येईल याचा अंदाज कागदावर लिहून ठेवणे हा या क्रमातील उपयुक्त सराव आहे. अंदाज आणि प्रत्यक्ष उत्तर यांत फरक पडला, की समजुतीतील नेमकी उणीव उघड होते. डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये सुचवलेल्या कोड्यांत आज्ञावलीच्या ओळी विस्कटून दिल्या जातात व विद्यार्थी त्या योग्य क्रमाने लावतो. या ओळींच्या चिठ्ठ्या करून हा सराव संगणकाविनाही घेता येतो.

चुकांचे प्रकार ओळखणे हा शिक्षणाचा मध्यवर्ती भाग असतो. वाक्यरचनेची चूक, उदाहरणार्थ कंस बंद न करणे, संगणक स्वतः दाखवतो. शून्याने भागण्यासारखी चूक आज्ञावली चालत असताना प्रकट होते. तिसरा प्रकार तर्कातील चुकीचा असून त्यात आज्ञावली कोणतीही तक्रार न करता चालते आणि चुकीचे उत्तर देते. वर्गात ही तिसरी चूक शिक्षकाच्या किंवा शेजारच्या विद्यार्थ्याच्या लक्षात येण्याची शक्यता असते. घरी ती दिसावी यासाठी ज्याचे उत्तर अन्य मार्गाने पडताळता येते असे प्रश्न निवडले जातात.

वीजबिलाचे उदाहरण

घरातील वीजबिलाची आकारणी करणारी आज्ञावली हे अशा प्रश्नाचे उदाहरण आहे. महावितरणच्या घरगुती बिलात वापरलेल्या युनिटांवर टप्प्याटप्प्याने वाढता दर लागतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० या युनिटांना त्याहून अधिक दर आणि पुढील टप्प्यांना आणखी वाढीव दर अशी ही रचना आहे. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे १२० युनिट वापरले असता सर्व १२० युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा दर लावणे. प्रत्यक्षात १०० युनिटांना पहिला दर आणि उर्वरित २० युनिटांनाच दुसरा दर लागतो. चुकीची आज्ञावलीही विनातक्रार चालते. तिच्यात १०० आणि १०१ ही मूल्ये लागोपाठ घातली, की एका युनिटासाठी रक्कम अवाजवी वाढलेली दिसते व चूक पकडता येते. म्हणून ०, १००, १०१, ३०० आणि ३०१ अशा सीमेवरील मूल्यांनी आज्ञावली तपासण्याची सवय लावली जाते.

ही चूक सुधारल्यावरही उत्तर छापील बिलाशी जुळत नाही, कारण बिलात स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क यांसारख्या बाबीही असतात. त्या शोधून एकेक करून आज्ञावलीत समाविष्ट करताना विद्यार्थी प्रश्नाची पूर्ण माहिती मिळवणे हा व्यावसायिक प्रोग्रॅमरच्या कामाचा मोठा भाग शिकतो. येथे अंतिम निवाडा छापील बिल करते, त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या पालकालाही तपासणीत भाग घेता येतो.

देवनागरी मजकुराचे उदाहरण

मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी मजकुराची लांबी मोजणे हेही बोधप्रद उदाहरण ठरते. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली असता उत्तर ५ येते. वाचकाला मात्र त्यात तीनच अक्षरे दिसतात. म, र, आकाराची खूण, ठ आणि दीर्घ ईकाराची खूण यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक असल्याने हा फरक पडतो. हाच शब्द यूटीएफ-८ पद्धतीने साठवल्यास १५ बाइट जागा घेतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागतात. या उदाहरणातून मनुष्याची अक्षराची कल्पना आणि संगणकातील नोंद यांतील अंतर लक्षात येते. मराठी शब्दकोडे किंवा शब्दखेळ तयार करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सोडवावाच लागतो.

पालक व मार्गदर्शकाची भूमिका

गृहशिक्षण देणाऱ्या पालकांपैकी सर्वांनाच प्रोग्रॅमिंग येत नाही. अशा वेळी पालकाचे काम उत्तर देण्याचे नसून विचारपूस करण्याचे असते. काय घडेल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय घडले आणि शेवटचा बदल कोणता केला, या तीन प्रश्नांची उत्तरे मोठ्याने देताना विद्यार्थ्याला अनेकदा स्वतःचीच चूक सापडते. अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ (१९९९) या पुस्तकामुळे ही युक्ती ‘रबरी बदकाला समजावणे’ या नावाने प्रसिद्ध झाली. ऐकणाऱ्याला विषय कळण्याची आवश्यकता नसते. सांगणाऱ्याने एकही पायरी गाळू नये एवढेच अपेक्षित असते.

मात्र आज्ञावलीची गुणवत्ता जोखण्यासाठी जाणकार वाचक लागतो. नावे निरर्थक ठेवणे, तोच मजकूर पुनःपुन्हा लिहिणे किंवा दोनशे ओळींचे एकच फलन करणे या सवयी चालणाऱ्या आज्ञावलीतही राहू शकतात आणि एकट्याने शिकणाऱ्यात वर्षानुवर्षे टिकतात. त्यावर उपाय म्हणून परिचित अभियंता किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी ठरावीक काळाने काम वाचतो, गृहशिक्षण घेणारी दोन-तीन कुटुंबे एकत्र येऊन मुलांकडून जोडीने काम करून घेतात किंवा मुले मुक्तस्रोत प्रकल्पांत सहभागी होतात. जोडीने काम करताना एक जण टंकलेखन करतो, दुसरा वाचून शंका विचारतो आणि काही वेळाने भूमिका बदलतात. मुक्तस्रोत प्रकल्पांत पाठवलेला बदल स्वीकारण्यापूर्वी अन्य स्वयंसेवक तो तपासतात. १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना अशा प्रकल्पांची ओळख करून देणारी ‘गूगल कोड-इन’ ही स्पर्धा २०१० ते २०१९ या काळात घेतली जात असे.

स्वयंअध्ययनासाठी एमआयटीचे ‘ओपनकोर्सवेअर’, भारतीय तंत्रज्ञान संस्था व भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटीईएल’ आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई हिचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे उपक्रम उपलब्ध आहेत. स्पोकन ट्युटोरियलमधील मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयीचे अनेक पाठ मराठीतही आहेत. चित्रफीत पाहणे आणि स्वतः लिहिणे यांत मोठे अंतर असते. पाठ थांबवून उदाहरण बंद करणे व ते स्मरणाने पुन्हा लिहिणे ही त्यावरील साधी कसोटी आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यानंतर मागणीनुसार आज्ञावली लिहून देणारी साधने किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या हाती आली. घरी शिकणाऱ्यासाठी ही साधने कोणत्याही वेळी शंका विचारता येणाऱ्या शिक्षकासारखी उपयोगी पडतात. चुकीच्या संदेशाचा अर्थ सोप्या भाषेत समजून घेणे किंवा सरावासाठी प्रश्न मिळवणे ही त्यांची उदाहरणे होत. मात्र पूर्ण उत्तर आयते मिळाल्यास अंदाज, प्रयत्न व दुरुस्ती हे शिक्षणाचे टप्पे गळून जातात, आणि वर्गातील परीक्षा नसल्याने ही पोकळी बराच काळ लक्षात येत नाही. अशी साधने खात्रीच्या सुरात चुकीचे उत्तरही देतात. त्यामुळे मिळालेल्या आज्ञावलीतील प्रत्येक ओळ समजावून सांगणे, मागणीत छोटा बदल झाल्यास ती हाताने बदलून दाखवणे आणि आठवड्यातील काही काम साधनांविना करणे अशा पद्धती अवलंबल्या जातात.

भारतातील कायदेशीर स्थिती आणि प्रमाणपत्रे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी असून त्याच्या कलम १० नुसार पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. अधिनियमात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. १४ वर्षांवरील मुले या अधिनियमाच्या वयोमर्यादेबाहेर येतात. त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न कायद्यापेक्षा प्रमाणपत्राचा असतो.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) ही १९८९ मध्ये स्थापन झालेली संस्था १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना माध्यमिक आणि १५ वर्षे पूर्ण झालेल्यांना उच्च माध्यमिक परीक्षेची संधी देते. उच्च माध्यमिक स्तरावर तिच्याकडे संगणकशास्त्र हा विषय उपलब्ध आहे. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून १७ क्रमांकाचा अर्ज भरून बसण्याची सोय आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या पदवी अभ्यासक्रमांच्या संयुक्त प्रवेश परीक्षेसाठी बारावी किंवा समकक्ष परीक्षा आवश्यक असते. म्हणून प्रोग्रॅमिंगमध्ये कितीही प्रावीण्य असले, तरी भारतात पुढील शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ही परीक्षा वेळेवर देण्याचे नियोजन करावे लागते.

या प्रश्नाची दोन्ही बाजूंनी चर्चा झालेले उदाहरण मुंबईतील आहे. औपचारिक शाळा सोडून घरी शिकलेल्या एका विद्यार्थिनीने आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तीन वर्षांत दोन रौप्य व एक कांस्य पदक मिळवले. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने भारतीय तंत्रज्ञान संस्थांचा मार्ग तिला बंद होता. २०१६ मध्ये एमआयटीने तिला प्रवेश दिला. १९८९ मध्ये बल्गेरियातील प्रावेत्स येथे सुरू झालेल्या या ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त चार स्पर्धक असतात आणि दोन दिवस प्रत्येकी पाच तास आज्ञावलीलेखनाचे प्रश्न सोडवतात. उत्तरे यंत्राद्वारे तपासली जात असल्याने स्पर्धक कोणत्या शाळेत शिकला याचा गुणांवर परिणाम होत नाही. भारतीय संघाच्या निवडीसाठी इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कम्प्युटिंग सायन्स ही संस्था भारतीय संगणन ऑलिंपियाड घेते.

स्पर्धेत न उतरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कामाचा संग्रह हा पुरावा ठरतो. त्यात पूर्ण झालेल्या आज्ञावली, त्यांचा उद्देश सांगणारी टिपणे आणि गिटमधील बदलांचा इतिहास यांचा समावेश असतो. बदलांच्या इतिहासामुळे काम कसे घडत गेले व चुका कशा दुरुस्त झाल्या हेही दिसते.

मर्यादा व टीका

घरी प्रोग्रॅमिंग शिकणे कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवर आणि पालकांच्या मोकळ्या वेळेवर अवलंबून असते. संगणकाची किंमत, अखंड वीज आणि आंतरजाल जोडणी यांशिवाय दिवसा घरी राहू शकणारी प्रौढ व्यक्ती ही या शिक्षणाची न दिसणारी अट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये पूर्व माध्यमिक स्तरापासून प्रोग्रॅमिंगशी संबंधित उपक्रमांचा समावेश सुचवलेला असल्याने, शाळेत मिळणारी सुविधा आणि घरची सोय यांची तुलना प्रत्येक कुटुंबात वेगळी ठरते.

स्वतःच्या आवडीने शिकणाऱ्यांच्या ज्ञानात विषमता राहते, ही आणखी एक टीका आहे. खेळ किंवा संकेतस्थळे तयार करणारा विद्यार्थी विदा संरचना, गणिती सिद्धता किंवा माहितीची सुरक्षितता यांसारखे भाग टाळू शकतो. इंग्रजी दस्तऐवज वाचण्याची अडचण मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना अधिक जाणवते. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची संमती लागते, तर भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. आज्ञावली सार्वजनिकरीत्या ठेवताना पूर्ण नाव, पत्ता किंवा पासवर्ड त्यात राहणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते.

समर्थकांच्या मते वेळापत्रकाचे बंधन नसल्याने घरी शिकणाऱ्याला एकाच प्रश्नावर अनेक दिवस काम करता येते, आणि प्रोग्रॅमिंगला अशा सलग वेळेची गरज असते. टीकाकारांच्या मते तोच वेळ मार्गदर्शनाअभावी एकाच चुकीभोवती फिरण्यात जाऊ शकतो. यांपैकी काय घडेल हे विद्यार्थ्याचे काम नियमितपणे वाचणारे कोणी आहे का, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

हे सुद्धा पहा

गृहशिक्षण
संगणक साक्षरता
पायथन (आज्ञावली भाषा)
आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाड
राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था